तुइरुओंगच्या काठचे ह्मार

ह्मारांकडे जायचं तर आधी कुठल्या राज्यात जायचं ते ठरवावं लागतं. मणिपूरमध्ये फेरझॉल, चुराचांदपूर आणि जिरीबाम जिल्ह्यांत त्यांची गावं आहेत. मिझोरमच्या उत्तरेकडच्या डोंगरांत आहेत, आसामच्या कछार आणि दिमा हसाओ जिल्ह्यांत आहेत, शिवाय मेघालय आणि त्रिपुरातही थोडी घरं आहेत. 2011 च्या जनगणनेत ह्मार ही मातृभाषा सांगणारे जेमतेम लाखाच्या आसपास भरले. एवढीशी माणसं आणि त्यांच्या इतक्या वाटण्या! ऐजॉलमध्ये त्यांच्याविषयी विचारलं, तर ‘ते मिझोच की’ असं उत्तर मिळतं. इंफाळमध्ये त्यांना कुकींच्या रांगेत बसवतात. त्यांचं त्यांना विचारलं तर ते हसतात आणि आधी चहा पुढे करतात.

राज्यांचा नकाशा मिटून नदीचा नकाशा उघडला की हा गुंता बराच सुटतो. बराक नदी उत्तर मणिपुरात उगम पावते, डोंगर कापत नैर्ऋत्येकडे येते, आणि तिपाईमुख इथे तुइवाई नदी मिळताच एकदम पाठ फिरवून उत्तरेकडे वाहू लागते. पुढे ती पश्चिमेला वळून कछारच्या सपाटीवर उतरते, सिलचरवरून बांगलादेशात जाते. ह्मार लोक बराकला तुइरुओंग म्हणतात. तिच्या त्या मोठ्या वळणाच्या दोन्ही अंगांना त्यांची जुनी वस्ती आहे. नदी ही त्यांची वाट होती. पुढे सरकारी कागदांवर तीच नदी हद्द झाली.

म्हणून मी सिलचरपासून सुरुवात केली. लखीपूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागतात. बाजारात बंगाली, मणिपुरी, चहामळ्यांतल्या मजुरांची बागानी बोली आणि ह्मार अशा चार भाषा एकाच भाजीच्या ढिगाभोवती घासाघीस करत असतात. फुलेरतालच्या घाटावर डोंगरातून आलेल्या होड्या लागतात. येताना आलं, हळद, मिरची, केळी. जाताना मीठ, तेल, औषधं, पत्रे. कोरड्या दिवसांत पाणी उतरलेलं असतं आणि खडकाळ पट्ट्यात नावाडी बांबूने तळ चाचपत होडी नेतात. त्यांच्या बोलण्यात पाण्याचे, खडकांचे आणि वळणांचे इतके बारकावे येतात की ऐकणाऱ्याने गप्प बसावं.

पूर्वी या नदीवरून बांबूचे लांबलचक तराफे खाली यायचे. तराफ्यावरच छोटी झोपडी, तिच्यात चूल, आणि चार-दोन माणसं प्रवाहाबरोबर सपाटीकडे निघालेली. हा बांबू पंचग्रामच्या कछार पेपर मिलमध्ये जायचा. 2015 मध्ये त्या सरकारी गिरणीतलं उत्पादन थांबलं. गिरणी बंद पडली म्हणून कामगारांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं, पण वरच्या डोंगरात बांबू तोडून त्यावर मुलांच्या शाळेची फी भरणारी घरं कुठल्याच हिशोबात धरली गेली नाहीत.

बांबूशी इथल्या माणसाचं नातं तसंही सरळ नाही. घर बांबूचं, टोपली बांबूची, बासरी बांबूची, जेवणात बांबूचे कोंब. पण या डोंगरांत मुबलक असलेली बांबूची एक जात साधारण 48 वर्षांनी एकदम फुलते. फुलल्यावर फळं येतात, ती खाऊन उंदीर वाढतात, आणि बांबू मरून गेला की हे उंदीर भाताच्या शेतांवर तुटून पडतात. या प्रकाराला मिझो भाषेत मौताम म्हणतात. 1958-59 च्या मौतामनंतर मिझो डोंगरांत दुष्काळ पडला आणि सरकारने वेळेवर लक्ष दिलं नाही या रागातून पुढे 1966 चं सशस्त्र बंड उभं राहिलं. नंतरचा मौताम 2006 ते 2008 या काळातला. त्या वर्षांतल्या रिकाम्या कणग्यांची आठवण वयस्क माणसं अजूनही काढतात.

तिपाईमुखाला ह्मार नाव आहे रुओंगलेवाइसुओ, रुओंग आणि वाई यांच्या संगमाची जागा. त्यांच्या जुन्या कथागीतांत ही जागा पुन्हा पुन्हा येते. 1871-72 च्या लुशाई, म्हणजे आजच्या मिझो, डोंगरांवरच्या मोहिमेत इंग्रजांची कछारकडून आलेली फौज इथूनच डोंगरात शिरली. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स म्हणून गाजलेला अधिकारी तेव्हा या तुकडीबरोबर होता. मोहिमेनंतर संगमावर व्यापाऱ्यांचा बाजार भरू लागला, डोंगरी लोक रबर घेऊन यायचे आणि मीठ घेऊन जायचे. आताच्या पिढीला तिपाईमुख माहीत आहे ते धरणामुळे. 162.8 मीटर उंचीचा बांध आणि 1500 मेगावॅट वीज अशी ही योजना. बांगलादेशात तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले, कारण बराकचंच पाणी पुढे सुरमा आणि कुशियारा या नावांनी त्यांच्या भातखाचरांना मिळतं. पण बुडणारी बरीचशी जमीन ह्मार आणि त्यांचे शेजारी झेलियांगरोंग नागा यांची होती. 2013 मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने या योजनेला मंजुरी नाकारली. झाडांची संख्या आणि जाणाऱ्या जंगलाचा विस्तार पाहता दुसरा निर्णय होणं कठीणच होतं. तरीही अशा योजना कागदावरून पुसल्या जात नाहीत हे धरणग्रस्तांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मिझोरममध्ये शिरायला इनर लाइन परमिट लागतं. 1873 च्या ब्रिटिश नियमातून आलेली ही पद्धत. मणिपूरलाही ती जानेवारी 2020 पासून लागू झाली. ऐजॉलहून सकॉर्दाइकडे जाणारा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. गावंही धारेवरच असतात, कारण खालच्या दऱ्यांत मलेरिया आणि पूर्वी शत्रूची भीती. त्यामुळे या भागात नदी दिसते खूप, हाताला लागत नाही.

सकॉर्दाइतल्या एका घरी पाहुणा म्हणून राहिलो. घरातल्या आजोबांना सगळे पु म्हणत आणि आजींना पि. ही इथली आदराची हाक. पुंना मी विचारलं, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ त्यांनी पूर्वेकडे हात केला आणि म्हणाले, ‘सिनलुंग.’ सिनलुंग हे मूळ गाव, की गुहा, की दगडाच्या दाराने बंद केलेली एखादी जागा, यावर कथा बदलतात. काहीजण ते चीनमध्ये दाखवतात. मिझो, कुकी, चिन या सगळ्या नातेवाईक जमातींकडे थोड्याफार फरकाने हीच कथा आहे. तिथून ही माणसं ब्रह्मदेशातल्या शान प्रदेशातून आणि चिन डोंगरांतून सरकत आजच्या मिझोरमच्या पूर्व भागात आली असं मानतात. चंफाई भागातली बियाते, ङुर, झोटे, खॉबुंग ही गावं ह्मारांच्या कुळांची नावं आजही वागवतात. मागून आलेल्या लुसेई सरदारांच्या रेट्याने ही कुळं उत्तरेला आणि पश्चिमेला सरकली. ज्यांचं नाव गावाला आहे ती माणसं त्या गावात फारशी उरली नाहीत. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, पण स्थलांतराचा माग गावांच्या पाट्यांवर वाचता येतो.

कुळं पुष्कळ आहेत: दारङॉन, फाइह्रिएम, खॉलह्रिंग, लाइरी, लुंगताउ, थिएक, झोटे, आणि अशी आणखी. हरंगखोल, बिएते, साकेचेप हे काही ठिकाणी स्वतःला वेगळी जमात मानतात, काही ठिकाणी ह्मारांत मोडतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी यांतल्या बऱ्याच जणांना ‘जुने कुकी’ म्हणून एका खान्यात टाकलं होतं. 1956 मध्ये अनुसूचित जमातींच्या सुधारित यादीत मणिपूरसाठी ह्मार हे नाव स्वतंत्रपणे आलं. यादीत नाव असण्यावर शिष्यवृत्ती आणि नोकरी अवलंबून असते, त्यामुळे ‘तू कोण’ हा प्रश्न इथे तात्त्विक राहत नाही.

ह्मारांचा सगळ्यांत मोठा सण सिकपुइ रुओइ. हिवाळ्यातली सामूहिक मेजवानी. पूर्वी तो दरवर्षी येत नसे. नवं पीक घरात येईपर्यंत मागच्या वर्षीचं धान्य कणगीत शिल्लक असेल, त्या वर्षाला फापांग रालिनसान म्हणत आणि अशाच वर्षी सिकपुइ होई. डोंगर उतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत भात पेरणाऱ्या झूम शेतीत असं वर्ष क्वचित उगवतं. एकट्यादुकट्याच्या श्रीमंतीवर हा सण होत नसे. गावाचं धान्य उरलं पाहिजे. विधवा, पोरकी मुलं, गरीब, सगळे त्यात हक्काने असत. सुरुवातीला मुख्य गीत, सिकपुइ ह्लापुइ, सगळे गंभीरपणे म्हणत, मग ढोल वाजू लागे आणि नाच कित्येक दिवस चाले. ढोल वाजवणारा ज्या दगडावर बसे त्याला सिकपुइलुंग म्हणत. असे दगड पूर्व मिझोरममध्ये अजून दाखवतात. आता सिकपुइ 5 डिसेंबरला ठरवून साजरा होतो, पाहुणे येतात, भाषणं होतात, मंच असतो. तारीख ठरली तेव्हाच जुन्या सणाचा कणा, म्हणजे उरलेलं धान्य, निसटला. तरुणांना मात्र या तारखेचं महत्त्व फार आहे, कारण चार-पाच राज्यांत विखुरलेले लोक त्या एका दिवशी एकच गाणं म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पेरणीच्या वेळचा बुतुखुओंगलॉम मला अधिक जवळचा वाटला. आपल्याकडच्या इर्जिकेसारखी तिथे लॉम ही पद्धत आहे: तरुण मुलंमुली टोळीने एकेकाच्या शेतावर राबतात, आज माझ्या, उद्या तुझ्या. आणि आपल्या भलरीसारखं तिथेही कामाला गाणं लागतं, फक्त तिथे ढोल आणि झांजेच्या तालावर पेरणीच्या ओळी पुढे सरकतात. त्याचाच आता रंगमंचावरचा नाच झाला आहे. वाद्यं पाहावीत अशी आहेत. दारखुओंग म्हणजे मोठी पितळी घंटाथाळी, दारबु म्हणजे वेगवेगळ्या सुरांच्या तीन थाळ्यांचा संच, भोपळ्यात बांबूच्या नळ्या खोचून केलेला रोसेम, बांबूच्या लहानमोठ्या नळ्यांचा फेइफित. रोसेम वाजवणारे आता थोडे आहेत. गिटार घराघरात आहे.

जुन्या गावात अविवाहित मुलं रात्री घरी झोपत नसत. त्यांच्यासाठी बुओनझॉल असे, मोठं सामायिक घर. तिथे कुस्ती चाले, शिकारीच्या गोष्टी चालत, मोठ्या मुलांचा धाक चाले, आणि लहान मुलं जळणाची लाकडं आणत. गावावर हल्ला झाला, आग लागली, जंगलात कोणी हरवलं, तर हीच मंडळी सर्वांत आधी धावत. आता ते घर कुठल्या गावात उरलेलं नाही. शाळा, चर्च आणि तरुण संघटना यांनी त्याची जागा घेतली. पण कोणी वारलं की रात्रभर त्या घरी बसायला तरुण आपणहून जातात, कबर खणतात, आणि त्याबद्दल कोणी आभार मानलेले त्यांना आवडत नाहीत. स्वतःला मागे ठेवून दुसऱ्यासाठी झिजण्याच्या या वृत्तीला त्लॉमङाइना म्हणतात आणि मिझो व ह्मार दोघेही तिला आपला पहिला धर्म मानतात.

सकॉर्दाइच्या त्या घरात जेवायला भात, डुकराचं उकडलेलं मांस आणि चांगालह्मे होतं. राखेतून पाणी गाळून क्षारपाणी काढायचं, त्यात पालेभाजी आणि सुकी मासळी शिजवायची, बाजूला वेगळी ठेचलेली मिरची. तेल नाही, फोडणी नाही, हळद नाही. पहिला घास जिभेला ओशट लागला, तिसऱ्या घासापासून मी भात वाढून घेत होतो. साथु, म्हणजे आंबवलेली डुकराची चरबी, तेवढ्या खुशीने खाता आली नाही. पूर्वी तांदळाची झु, म्हणजे बिअर, प्रत्येक सणाला लागे. चर्च आल्यावर ती गेली आणि लाल चहा, थिंगपुइ, तिच्या जागी बसला. पिंनी पेटीतून ह्माराम काढून दाखवलं. निळसर काळ्या सुती कापडावर पांढऱ्या नक्षीचे आडवे पट्टे, आखूड लुंगीसारखं. मिझोरमच्या ज्या पाच वस्त्रांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यांत हे एक आहे. नाव ह्मारांचं, मानांकन मिझोरमचं. पिंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या मते विणणारीचा हात महत्त्वाचा.

ख्रिस्ती धर्माची इथली कथा टपालाने सुरू होते. वॉटकिन रॉबर्ट्स हा तरुण वेल्श मिशनरी 1908 मध्ये ऐजॉलला आला होता. त्याने लुशाई भाषेतल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रती मणिपूरच्या बाजूच्या सरदारांना पाठवल्या. सेनवॉन गावच्या सरदाराला पुस्तक मिळालं, अर्थ लागेना, तेव्हा त्याने निरोप धाडला: येऊन समजावून सांगा. 1910 मध्ये रॉबर्ट्स सेनवॉनला पोचला. मणिपूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांना हे पसंत नव्हतं, त्याला थोड्याच दिवसांत परतावं लागलं. पुढचं काम डोंगरातल्याच तरुण प्रचारकांनी केलं आणि दोनेक पिढ्यांत जवळजवळ सगळा समाज ख्रिस्ती झाला. सुरुवातीला चर्चने ढोल बाहेर ठेवला होता, कारण त्याला झु आणि जुन्या देवांचा वास होता. नंतर तो आत आला. आज रविवारी ढोलाशिवाय प्रार्थना होत नाही.

सेनवॉनच्या पहिल्या ख्रिस्ती झालेल्यांत चॉङा नावाचे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा रोचुंगा पुदाइते, जन्म 1927. हा पोरगा मिशनच्या शाळेसाठी 96 मैल जंगलवाट तुडवत चुराचांदपूरला गेला. पुढे कोलकाता, अलाहाबाद, परदेश असं शिकला आणि त्याने बायबलचा नवा करार ह्मार भाषेत आणला. तो 1960 मध्ये छापला गेला. रोमन लिपीतल्या ह्मार गद्याला घाट मिळाला तो बराचसा या अनुवादातून. सत्तरच्या दशकात त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतले पत्ते घेऊन जगभर बायबलच्या प्रती पोस्टाने पाठवण्याचा उद्योग मांडला. ज्या खोऱ्यात पत्र पोचायला माणसाला दिवसच्या दिवस चालावं लागे, तिथल्या मुलाला हे सुचावं! धर्मप्रसाराबद्दल कोणाचं काही मत असो, या कल्पनेला दाद द्यावी लागते. 2015 मध्ये ते वारले. चुराचांदपूरजवळच्या सिएलमाटमध्ये त्यांनी उभारलेल्या शाळा-महाविद्यालयांचा परिसर आहे.

ह्मारांतले, तसे मिझो आणि कुकींतलेही, काही लोक स्वतःला इस्राएलच्या मनश्शे कुळाचे वंशज समजतात. सिकपुइच्या मुख्य गीतात समुद्र दुभंगल्याचा उल्लेख आहे आणि जुन्या पूर्वजाचं नाव मनमासि आहे, हे त्यांचे मुख्य आधार. 2005 मध्ये इस्राएलच्या एका प्रमुख रब्बींनी हा दावा मान्य केला आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी तिकडे स्थलांतर केलं. कोकणातल्या बेने इस्राएलांना शेजारी म्हणून पाहिलेल्या मराठी माणसाला हे ऐकून कुतूहल वाटतं. पण फरक मोठा आहे: अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे शनवार तेली, शब्बाथ पाळतच होते, इथे मात्र बहुतेकांनी ख्रिस्ती झाल्यावर बायबल वाचून ही ओळख शोधली. बहुसंख्य ह्मार या दाव्यापासून दूर आहेत आणि सकॉर्दाइच्या पुंनी तर विषयच बदलला.

राजकारणात त्यांच्या वाट्याला नेहमी दुसऱ्याच्या करारातली तळटीप आली. 1940 च्या दशकात मिझो युनियन उभी राहिली तेव्हा मणिपूरचे ह्मार उत्साहाने तिच्यात गेले, लुशाई डोंगरांशी एकत्र यायचं म्हणून. ते झालं नाही. 1986 चा मिझो शांतता करार झाला, त्यातही उत्तरेच्या ह्मार भागाला काही मिळालं नाही. त्याच वर्षी ह्मार पीपल्स कन्व्हेन्शन स्थापन झालं, आंदोलन हिंसक झालं, आणि जुलै 1994 मध्ये मिझोरम सरकारशी करार होऊन सिनलुंग हिल्स डेव्हलपमेंट कौन्सिल मिळालं. ते अपुरं वाटणाऱ्या गटाशी पुन्हा एप्रिल 2018 मध्ये करार झाला. सकॉर्दाइला आता सिनलुंग हिल्स कौन्सिलचं कार्यालय आहे. मोठ्यांनी आपल्याला गिळू नये म्हणून लढलेले लोक स्वतः मोठे झाल्यावर लहानांशी तसंच वागतात, हे ईशान्येत जागोजागी दिसतं. मिझोरमही त्याला अपवाद नाही.

चुराचांदपूरला, म्हणजे तिथल्या लोकांच्या लामकाला, पूर्वी इंफाळहून दोनेक तासांत जाता यायचं. 3 मे 2023 ला मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार सुरू झाला आणि ह्मार त्यात आपसूक ओढले गेले. लामकाहून विमान पकडायला लोक तेव्हापासून इंफाळऐवजी ऐजॉलला जातात, तेही रात्रभर डोंगरी रस्त्याने. मीही त्याच रस्त्याने गेलो. रेंगकाइ आणि सिएलमाट या ह्मार वस्त्यांत नातेवाइकांकडे आश्रयाला आलेली कुटुंबं होती, शाळांत छावण्या होत्या. 2024 मध्ये आग जिरीबामला पोचली. तिथे ह्मार आणि मैतेई दोन्हीकडची माणसं मारली गेली, बायका आणि मुलंही. अनेक ह्मार कुटुंबं नदी ओलांडून कछारमध्ये आली. ज्या नदीच्या काठांनी ते शतकभर ये-जा करत होते तिच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे असुरक्षित, अशी ही नवी हद्द.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. मणिपूरच्या बाजूला जाण्याआधी तिथल्या परिस्थितीची ताजी चौकशी करा आणि ती स्थानिक माणसाकडूनच करा. मिझोरमचं परमिट ऑनलाइन मिळतं. कछारला ते लागत नाही, त्यामुळे वेळ कमी असेल तर लखीपूर-फुलेरतालच्या बाजूची ह्मार गावं पाहावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पावसाळ्यात रस्ते सांगता येत नाहीत. हॉटेलं जवळपास नाहीत, कोणाच्या तरी ओळखीने घरी राहावं लागेल. रोख पैसे बाळगा. 5 डिसेंबरला सिकपुइ असतो आणि पाहुण्याला नाचात ओढतात. रविवारी प्रवासाचा बेत आखू नका. दुकानं बंद असतात आणि गाडी मिळत नाही.